शिकाऱ्याच्या जर्मन पाइपमध्ये पाणी भरायचे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही जर्मनीतल्या उल्म शहरात राहता. तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात तुम्ही तंबाखू ओढायचा, शिकाऱ्याचा एक पाइप घेतला. त्याची वाटी पांढऱ्या पोर्सेलीनची, म्हणजे चिनी मातीची आहे, तिच्यावर हरणाचे चित्र आहे, वर धातूचे छिद्रे असलेले झाकण आहे, आणि वाटीच्या खाली बेचकीच्या आकाराचा शिंगाचा भाग असून त्यातून लाकडी नळी वर येते. विक्रेत्याने त्या बेचकीला ‘वासरझाक’ म्हटले. या शब्दाचा सरळ अर्थ ‘पाण्याची पिशवी’ असा होतो, म्हणून तुम्ही आपल्याकडच्या गुडगुडीप्रमाणे तिच्यात पाणी भरले. पाइप गुरगुरू लागला, तोंडात कडू पाणी आले आणि दोन दिवस जीभ पोळलेली राहिली. आता पाइप बिघडलेला आहे का, तो स्वच्छ कसा करावा, तो ओढण्याजोगा आहे का आणि दिवाळीला नाशिकला घरी नेता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी बावीस वर्षे दक्षिण बव्हेरियात राहतो आणि त्यातली बरीच वर्षे असे जुने पाइप दुरुस्त करतो. तुमच्यासारखी तक्रार घेऊन माझ्याकडे आलेल्या बहुतेक पाइपांमध्ये काहीही बिघडलेले नव्हते. तुमचाही बिघडलेला नसावा. खरी अडचण अशी की हा पाइप कसा चालतो हे त्याच्या नावावरून कळत नाही, उलट नाव दिशाभूल करते. वासरझाकमध्ये पाणी बाहेरून घालायचे नसते. ओढताना जे पाणी आपोआप तयार होते, ते साठवण्यासाठी ती जागा असते. गुडगुडीत धूर पाण्यातून नेतात, इथे धुरातून पाणी वेगळे काढतात. त्यामुळे दोन्हींचे तत्त्व अगदी उलटे आहे. तुम्ही पाणी भरलेत तेव्हा साठवणीची जागा आधीच भरून गेली, आणि नव्याने तयार झालेल्या ओलीला नळीतून तुमच्या तोंडापर्यंत येण्यावाचून वाट उरली नाही.

हे पाणी येते कुठून, हे समजले की पुढचे सगळे सोपे होते. तंबाखूत मुळातच ओल असते, आणि कोणताही पाला जळताना पाण्याची वाफ तयार होतेच. आखूड लाकडी पाइपमध्ये यातली काही ओल वाटीचे लाकूड शोषून घेते. पोर्सेलीन मात्र झिलई दिलेले असते आणि थेंबभरही शोषत नाही. त्यात नळी लांब असल्यामुळे धूर वाटेत थंड होतो, आणि थंड होताना त्यातल्या वाफेचे थेंब होतात. लांब नळीचा धूर गार लागतो, त्याची ही किंमत आहे. हे थेंब, तंबाखूचा अर्क आणि काजळी मिळून एक तपकिरी, अतिशय कडू द्रव बनतो. जर्मन लोक त्याला ‘झुट्टर’ म्हणतात. बेचकीचा एक हात वाटीला धरतो, दुसरा नळीला, आणि दोघांच्या खालच्या बंद टोकात झुट्टर जमतो. कारागीर या भागाला ‘आबगुस’ असेही म्हणतात. त्या शब्दात ओतून टाकण्याचा अर्थ आहे, आणि तो तुमच्या उपयोगाचा आहे. म्हणून पुढे मी आबगुस हाच शब्द वापरतो.

आता परिस्थितीप्रमाणे काय बदलते ते सांगतो, कारण ‘शिकाऱ्याचा पाइप’ या एका नावाखाली बऱ्याच निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. सगळ्यात मोठा फरक वाटी कशाची आहे यावर पडतो. तुमच्याच उल्ममध्ये अठराव्या शतकापासून गाठीच्या, नक्षीदार रेषांच्या लाकडातून वाट्या कोरल्या जात होत्या, आणि चांदीचे झाकण बसवलेले तिथले पाइप प्रसिद्ध होते. पोर्सेलीनच्या वाट्या त्याच शतकाच्या उत्तरार्धात रुळल्या आणि एकोणिसाव्या शतकात त्यांना मोठी मागणी आली, कारण त्यांच्या पांढऱ्या, गुळगुळीत पृष्ठभागावर चित्र काढता येत असे. थुरिंगियातील रूला हे गाव त्या काळी पाइपांच्या उत्पादनाचे मोठे केंद्र होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समधील सेंट-क्लोद येथे ब्रायर, म्हणजे भूमध्य सागराकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी असलेली गाठ, वापरली जाऊ लागली, आणि हळूहळू शिकाऱ्यांच्या पाइपांनाही ब्रायरच्या वाट्या आल्या. ब्रायरला सावकाश सवय लावावी लागते आणि तिच्या आत काजळीचा पातळ थर जमू द्यावा लागतो. पोर्सेलीनला असा थर नको असतो. दोन्हींची निगा वेगळी आहे, म्हणून एकाचा सल्ला दुसऱ्याला लावू नये.

झाकणाविषयी तुम्ही विचारले नाही, पण या पाइपला शिकाऱ्याचा पाइप बनवणारा भाग मला तोच वाटतो. जंगलात ठिणगी उडू नये, पावसात निखारा विझू नये आणि वाऱ्याने तंबाखू भरभर जळू नये, ही तिन्ही कामे ते छिद्रे असलेले झाकण करते. नळीही त्याच हिशेबाने बेताची ठेवलेली असते. घरी खुर्चीत बसून ओढायचे पाइप हातभर किंवा त्याहूनही लांब असत. शिकाऱ्याला मात्र तो खांद्यावरच्या पिशवीत घालून किंवा दोरीने छातीशी अडकवून चालावे लागे. त्या हिरव्या गोंड्यांच्या दोरीला आज आपण सजावट समजतो, पण वाटी नळीतून निसटली तर ती जमिनीवर पडून फुटू नये, हे त्या दोरीचे मूळ काम आहे. तुमच्या पाइपची दोरी जीर्ण झाली असेल तर नवी बांधा, तिच्याशिवाय तो वापरू नका.

आता स्वच्छता. इथे घाई केली की नुकसान होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिल्यांदा पाइप पूर्ण सुटा करा. वाटी आबगुसमध्ये, नळी आबगुसमध्ये आणि तोंडात धरायची तोटी नळीवर, असे सांधे असतात. त्यातले काही बुचाच्या सालीने घट्ट केलेले असतात, तर काहींना आटे असतात. सांधा ओढून काढण्यापूर्वी हलकेच फिरवून पाहा. फिरत नसेल तर जोर लावू नका, कारण जुन्या झुट्टरने सांधा चिकटलेला असतो आणि ताकद लावली की शिंगाला उभी चीर जाते. सांध्याभोवती कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके दहा मिनिटे गुंडाळून ठेवा आणि पुन्हा प्रयत्न करा. मी एका बव्हेरियन शिंगकाम करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे हे शिकलो. एकच सांधा सोडवण्यासाठी ते फडके चार-चार वेळा बदलत, आणि सुरुवातीला मला तो वेळेचा अपव्यय वाटे. मग एकदा माझ्याच हातून शंभर वर्षांचा आबगुस तडकला, आणि त्यानंतर मी कधीही घाई केली नाही.

पोर्सेलीनची वाटी धुणे सर्वांत सोपे आहे, पण झाकण जिथे कड्याने वाटीला धरलेले असते, ते कडे काढण्याचा खटाटोप करू नका. कोमट पाण्यात थोडा खायचा सोडा घालून वाटीचा आतला भाग त्याने भरून ठेवा, तासाभराने मऊ ब्रशने घासा, आणि असे दोन-तीनदा करा. पाणी उकळते नको, आणि तापलेली वाटी गार पाण्याखाली कधीही धरू नका. भांडी धुण्याच्या यंत्रात ती मुळीच घालू नका. भट्टीत भाजलेले रंग टिकतात, पण कडेची सोनेरी रेघ बहुतेकदा नाजूक असते आणि घासण्याने निघून जाते. म्हणून बाहेरून फक्त ओल्या मऊ कापडाने पुसावे.

आबगुस, तोटी आणि नळी यांना पाण्यात बुडवून ठेवायचे नाही. म्हशीचे किंवा गुराचे शिंग आपल्या नखाच्याच जातीचे असते, म्हणजे केराटिनचे. ते पाण्याने फुगते, वाळताना आकसते आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. हरणाचे शिंग मात्र हाड असते, ते फुगत नाही, पण डाग धरते. दोन्हींसाठी एकच उपाय आहे: लांब दांड्याचा तारेचा बारीक ब्रश आणि थोडे स्पिरिट आतून फिरवावे, कापूस पांढरा बाहेर येईपर्यंत कापूस बदलत राहावे, आणि नंतर दोन दिवस सावलीत वाळवावे. स्पिरिट बाहेरच्या बाजूला लागू देऊ नका, नळीवरची जुनी लाखेची झिलई त्याने विरघळते. वाळल्यावर शिंगावर तेलाचा एक थेंब बोटाने चोळावा. शिंग खाणाऱ्या किडीच्या अळ्यांनी बारीक खड्डे पाडले असतील तर ते भरू नका, फक्त वस्तू बंद कपाटात लोकरीच्या कपड्यांजवळ ठेवू नका.

तुमची नळी तपकिरी-लालसर, साल न काढलेली असेल आणि घासल्यावर तिला गोडसर वास येत असेल, तर ती बहुधा ‘वाइक्सेल’ची, म्हणजे एका रानटी चेरीची आहे. व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावात एकोणिसाव्या शतकात याच झाडाच्या सरळ फांद्या पाइपांच्या नळ्यांसाठी मुद्दाम वाढवल्या जात. या नळीचा वास हे तिचे निम्मे मोल आहे. तिला वार्निश लावू नका आणि सुगंधी द्रवाने धुऊ नका. तोटीच्या अलीकडे दोऱ्याने विणलेला लवचीक तुकडा असेल, तर त्याची मी सर्वांत जास्त काळजी घेतो. पाइपचे वजन दातांवर येऊ नये म्हणून तो दिलेला असतो, पण आत तारेचे वेटोळे आणि वर विणकाम असल्यामुळे आतली घाण पूर्णपणे निघत नाही. त्यातून बुरशीचा वास येत असेल तर तो तुकडा जपून बाजूला ठेवा आणि ओढण्यासाठी नवा घ्या. दुसऱ्याच्या तोंडात गेलेली तोटीही ओढायची असेल तर बदललेलीच बरी. जर्मनीत हे सुटे भाग अजून मिळतात. दुकानात जाण्यापूर्वी सांध्याचा व्यास मोजून घ्या.

बूच हा शेवटचा मुद्दा, आणि हवा गळण्याचे सर्वांत नेहमीचे कारणही. बूच वाळून भुगा झाले असेल तर सांध्यातून हवा शिरते, तुम्ही जोरात ओढता, आणि जोरात ओढले की निखारा तापतो, ओल वाढते आणि जीभ पोळते. बुचाचा पातळ पत्रा कापून साध्या सरसाने चिकटवा, सरस वाळल्यावर बारीक काचकागदाने घासून सांधा बसता करा. तात्पुरते हवे असेल तर मेणात ओढलेला सुती दोरा गुंडाळला तरी चालतो. झटपट चिकटणारा रासायनिक गोंद मात्र कधीही सांध्यात घालू नका. या पाइपचे सगळे आयुष्य त्याच्या उघडण्यावर अवलंबून आहे.

आता ओढण्याविषयी. हे आधी स्पष्ट लिहितो की लांब नळीने किंवा झुट्टर वेगळा काढल्याने तंबाखू सुरक्षित होत नाही. पाइपचा धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतो. तुम्ही आज तंबाखू घेत नसाल तर या पाइपसाठी सुरू करू नका. तो उघडून, घासून, जोडून पाहण्यात आणि त्याच्यावरचे चित्र वाचण्यातही खूप आनंद आहे, आणि माझ्याकडचे बहुतेक पाइप मी कधीच पेटवलेले नाहीत. पण तुम्ही आधीपासूनच अधूनमधून पाइप ओढता असे लिहिले आहे, म्हणून पद्धत सांगतो.

तंबाखू सुकी हवी. दुकानातली गोड वासाची, ओलसर तंबाखू पोर्सेलीनसाठी सर्वांत वाईट, कारण तिच्यात ओल टिकवणारी द्रव्ये घातलेली असतात आणि ती सगळी शेवटी आबगुसमध्ये उतरतात. जाड कापाची, साधी तंबाखू घ्या आणि भरण्यापूर्वी तासभर कागदावर पसरून ठेवा. चिमटीत दाबली तर ती एकत्र न चिकटता सुटी व्हावी. पोर्सेलीनच्या वाट्या अरुंद आणि खोल असतात, त्यामुळे खाली अगदी सैल आणि वर थोडी घट्ट भरावी, जशी आपण उशीच्या कोपऱ्यात कापूस न कोंबता मध्ये बसवतो. पेटवण्यापूर्वीच ओढून पाहा. स्ट्रॉने सरबत ओढताना लागतो त्याहून जास्त जोर लागत असेल तर पुन्हा भरा. पहिल्यांदा पेटवल्यावर तंबाखू फुगून वर येते, ती हलकेच दाबून दुसऱ्यांदा पेटवा, मग झाकण लावा. झाकण लावल्यावर निखारा जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे नवशिका तो विझला असे समजून जोरजोरात ओढतो. मला वाटते तुमचे असेच झाले असणार. विझला तर विझू द्या, पुन्हा पेटवता येतो.

पाइप वाटीला धरून हातात घेऊ नका, पोर्सेलीन तापते. आबगुस तळहातात ठेवा. नळी नेहमी वर चढती राहील असे बसा, कारण आबगुस तोटीपेक्षा वर गेला की झुट्टर सरळ तोंडाकडे वाहतो. याच कारणासाठी ओढता ओढता तो टेबलावर आडवा ठेवायचा नसतो. जुन्या घरांत हे पाइप भिंतीवरच्या खुंटीला टांगलेले दिसतात, आणि त्यामागे हे साधे कारण आहे. संपल्यावर अर्ध्या तासाने, वाटी कोमट असताना, आबगुस सुटा करून झुट्टर ओतून टाका आणि आत कापसाचा बोळा फिरवा. रात्रभर राहिला की तो डांबरासारखा घट्ट होतो. या द्रवात निकोटिन असते आणि ते विषारी आहे, म्हणून तो कुंडीत टाकू नका, मुलांच्या आणि मांजराच्या वाटेत ठेवू नका, आणि नंतर हात धुवा.

इथपर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर बाहेरून पाणी घालायचे नाही, तंबाखू सुकी घ्यायची, सांध्यातून हवा गळू द्यायची नाही, नळी चढती धरायची आणि आबगुस त्याच दिवशी रिकामा करायचा. जीभ पोळण्याची तक्रार बहुधा एवढ्यानेच जाईल.

शिकाऱ्याचा पाइप आहे म्हणून तो घेऊन जंगलात जाण्याचा मोह तुम्हाला होईल, आणि तो मी समजू शकतो. पण तुमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आणि डॅन्यूब नदी ओलांडल्यावर बव्हेरियातही १ मार्च ते ३१ ऑक्टोबर या काळात जंगलात धूम्रपानाला कायद्याने बंदी आहे. उरलेल्या महिन्यांतही कोरड्या पाल्यावर राख झाडू नका. माझा स्वतःचा रिवाज असा आहे की ३ नोव्हेंबरला, म्हणजे शिकाऱ्यांचे संत मानले जाणारे हुबर्टुस यांच्या दिवशी, मी घराच्या अंगणात एक पाइप ओढतो. तुमच्या वाटीवरचे चित्र भिंगातून बघा. हरणाच्या शिंगांच्या मधोमध क्रूस काढलेला असेल तर ते याच हुबर्टुसच्या कथेचे चित्र आहे. शिकारीला गेलेल्या त्यांना असे हरीण दिसले आणि त्यांचे मन पालटले, अशी ती कथा आहे.

भिंग हातात आहे तोवर आणखी एक पाहून घ्या. चित्रात कुंचल्याचे फराटे, कुठे जाड कुठे पातळ रंग दिसला तर ते हाताने काढलेले आहे. सारख्या अंतरावरचे बारीक ठिपके दिसले तर ते छापून चिकटवलेले आहे. विसाव्या शतकात पर्यटकांसाठी असे छापील पाइप पुष्कळ बनले, आणि त्यांत वाईट काही नाही, फक्त त्यांची किंमत जुन्या चित्रित पाइपएवढी देऊ नये. वाटीवर हरणाऐवजी पलटणीचे नाव, सैनिकांची यादी आणि वर्ष असेल तर तो शिकाऱ्याचा नसून लष्करी सेवा संपवून घरी परतणाऱ्या सैनिकाने आठवण म्हणून करून घेतलेला पाइप असतो. संग्राहकांच्या दृष्टीने तो वेगळाच विषय आहे.

नाशिकला नेण्याबद्दल मी सावध सल्ला देईन. पोर्सेलीन आणि लाकूड यांची अडचण नाही. प्रश्न शिंगाचा आहे. भारतात चितळ आणि सांबर यांची शिंगे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. तुमचा आबगुस युरोपातल्या तांबड्या हरणाच्या शिंगाचा असला, तरी कोरून गुळगुळीत केलेला एवढासा तुकडा कोणत्या प्राण्याचा आहे, हे विमानतळावर उभ्या उभ्या सिद्ध करणे तुम्हाला जमणार नाही. तो म्हशीच्या शिंगाचा असेल तर चिंता बरीच कमी, आणि दोन्हींतला फरक ओळखता येतो. मृगशिंगाच्या कापलेल्या टोकाला मध्यभागी सच्छिद्र, हाडासारखा गाभा दिसतो, तर म्हशीचे शिंग एकसंध, काळसर आणि उजेडात धरल्यावर कडेला किंचित पारदर्शक असते. तोटी किंवा कडी हस्तिदंताची निघाली तर मात्र ती कुठल्याही सीमेपलीकडे नेऊ नका. मृगशिंग असेल तर या दिवाळीला पाइप उल्मलाच ठेवा, नेण्याआधी भारतीय सीमाशुल्क खात्याकडे लेखी विचारणा करा, आणि घरच्यांना दाखवायला सुट्या भागांची चांगली छायाचित्रे घेऊन जा. वाटी आणि नळी वेगळी करून नेली आणि आबगुस मागे ठेवला, तरी चित्र घरच्यांना बघायला मिळेलच. वाटी नेताना तिच्या आत आणि झाकणाखाली मऊ कागद भरा, कारण बिजागरी एकदा वाकली की झाकण पुन्हा नीट बसवणे फार कठीण जाते.